कृष्णपक्षाचा भागीदार

पुरणाच्या दिंडावरचं तूप मनगटाकडं वाहू लागलं, की ते सरळ रेषेत जात नाही. आधी अंगठ्याच्या मुळाशी साचतं. तिथला खळगा भरला की तळहाताच्या कडेनं उतरतं, आणि माणसानं घड्याळ घातलं असेल तर पट्ट्यापाशी क्षणभर थांबतं. मग पट्ट्याखालून शर्टाच्या बाहीत शिरतं. भसीनसाहेबांच्या बाबतीत हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, पण त्यांना ते अडवायला सवड मिळत नव्हती. ते तात्यांना भागीदारीचे फायदे समजावून सांगत होते.

"काकूजी, एखादा काटा-सुरी मिळेल का?" त्यांनी शेवटी हिंदीत विचारलं.

"आज नागपंचमी," काकू म्हणाल्या. "आज काही चिरायचं नाही, कापायचं नाही. हातानंच खायचं."

समोरच्या खुर्चीवर बसलेल्या ऑर्विल परेरानं आपलं दुसरं दिंड दोन बोटांत धरून अख्खं तोंडात टाकलं आणि भसीनसाहेबांकडं पाहून तो गोड हसला. परेरा वसईचा होता. त्याला असल्या गोष्टींचा सराव होता.

हे दोघं दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे होते, आणि दोघांना एकाच दिवशी, एकाच वेळी बोलावण्याचा पराक्रम तात्यांचा होता. आधी कुणाला बोलवायचं हे त्यांना ठरवता आलं नव्हतं.

तेव्हा जगातल्या त्या दोन बड्या कंपन्यांमध्ये जाहिरातींवरून जुंपली होती. इंटरनेटवरच्या पानांवर जो रिकामा चौकोन असतो, त्यात कोणाची जाहिरात दिसणार, एवढाच प्रश्न. पण असे चौकोन कोट्यवधी. म्हणून प्रत्येक भाषेतली गर्दीची पानं शोधून, तिथं फक्त आपल्याच जाहिराती लागतील असा करार करायला त्यांची माणसं गावोगाव हिंडत होती. मराठीतलं गर्दीचं पान म्हणजे सांगलीचं बिनीवाले पंचांग. आज चतुर्थी कधी लागते, चंद्रोदय किती वाजता, हे बघायला लोक आमच्याकडं येत. कंपन्यांची नावं मी सांगत नाही. काकू त्यांना पिशव्यांच्या रंगावरून निळे आणि नारिंगी म्हणत. भसीन निळे, परेरा नारिंगी.

तात्या म्हणजे दत्तात्रेय विनायक बिनीवाले. विश्रामबागेतल्या त्यांच्या बंगल्यात खाली कार्यालय आणि वर घर. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि तात्यांकडं आकडेमोडीला लागले. पहिल्या वर्षी मी त्यांची गणितं तपासत असे. पुढं त्यांचे डोळे अधू झाले आणि गणितं मीच करू लागले. संगणकावर पंचांग चढवलं तेही मीच. आठ वर्षं तिथीचा प्रत्येक आरंभ आणि शेवट माझ्या हातून गेला होता. छापील पंचांगावर आणि संगणकाच्या पानावर, दोन्हीकडं एकच ओळ होती : 'पंचांगकर्ते : द. वि. बिनीवाले'.

तिथं माझं नाव यावं असं मला वाटत होतं. मी तसं तात्यांना सांगितलंही होतं, एकदा चाचरत आणि एकदा नीट. दोन्ही वेळा ते म्हणाले, "बघू."

या 'बघू'ला कुणाचा विरोध होता असंही नव्हतं. त्यांचा मुलगा न्यूझीलंडमध्ये दूधभुकटीच्या कारखान्यात होता आणि त्याला पंचांगाचं काही पडलेलं नव्हतं. पण पंचांगकर्ता म्हणून चौगुले आडनावाची बाई यापूर्वी कुणी पाहिली नव्हती, आणि तात्यांना न पाहिलेल्या गोष्टींचा निर्णय घ्यायची सवय नव्हती. साऱ्या सांगलीच्या लग्नांचे आणि वास्तुशांतीचे मुहूर्त काढून देणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत पंखा कोणत्या वेगावर लावायचा हेही ठरवू शकत नसे. काकू ठरवत.

"तर तात्यासाहेब," भसीन म्हणाले, "आमच्यासारखे दर तुम्हाला कोणी देणार नाही. इथं निर्णय कोण घेतं? तुम्हीच ना?"

तात्यांनी काकूंकडं पाहिलं. काकूंनी तुपाची वाटी उचलली आणि भसीनना आणखी वाढलं.

"दर कागदावर कोणीही लिहील," परेरा म्हणाला. "तात्या, तुम्ही आमची परीक्षा घ्या. थोडे दिवस आमच्या जाहिराती लावा, थोडे दिवस यांच्या. कोणाच्या जाहिरातींवर लोक जास्त बोट ठेवतात ते बघा. मग जो जिंकेल त्याच्याशी सही. फक्त सप्टेंबरअखेर. आमची तिमाही संपते."

"आमचीही," भसीन म्हणाले. सगळ्या संभाषणात त्या दोघांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट.

तात्यांचा चेहरा उजळला. निर्णय घ्यायचा नव्हता. निर्णय पुढं जात होता.

"उत्तम! भाद्रपदात करू," ते म्हणाले. "एक पक्ष तुमचा, एक पक्ष यांचा. शुक्लपक्षात एक कंपनी, कृष्णपक्षात महिनाअखेरीपर्यंत दुसरी. उत्तरा रोजची सरासरी काढेल. बोला, कोणाला कुठला?"

मी मान वर केली. तात्या माझ्याकडं बघत नव्हते.

"दुसरा आम्हाला!" परेरा घाईनं म्हणाला. "शेवटचा. निकालाच्या वेळी आमचेच आकडे ताजे असले पाहिजेत."

"नीट विचार करा हो," तात्या म्हणाले. "भाद्रपदातला कृष्णपक्ष आहे तो."

"कृष्णपक्ष! नावच किती छान आहे."

मी भसीनसाहेबांकडं पाहिलं. दिल्लीचा माणूस. त्याला हे ठाऊक असायला हवं होतं. भसीन आपल्या पानाकडं पाहत होते, आणि बोलण्याच्या ओघात ज्याच्याकडं त्यांचं दुर्लक्ष झालं होतं ते दिंड आता फार लक्षपूर्वक खात होते.

"परेराजींची इच्छा असेल तर आमची हरकत नाही," ते म्हणाले. "पाहुण्याचा मान आधी."

"अहो, तुम्हीही पाहुणेच," काकू म्हणाल्या.

शुक्लपक्षात काय झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. गणपती आले. अख्खा महाराष्ट्र आमच्या पानावर येऊन प्रतिष्ठापनेची वेळ बघू लागला, आणि बघता बघता निळ्यांच्या चौकोनातल्या सोन्याच्या नाण्यांवर, दुचाक्यांवर, धुलाईयंत्रांवर बोटं ठेवू लागला. आलेख चतुर्थीला वर गेला, गौरींना आणखी वर गेला आणि अनंत चतुर्दशीपर्यंत खाली यायचं नाव घेईना. भसीन रोज फोन करत. "मॅडम, आज कसं?" मी आकडा सांगितला की ते "गणपती बाप्पा मोरया" म्हणत आणि फोन ठेवत.

मग पितृपक्ष लागला, आणि चौकोन नारिंग्यांचा झाला.

वाचक कमी झाले असं नाही. उलट वाढले. आई-वडिलांची तिथी कोणत्या दिवशी येते, हे बघायला माणसं सकाळपासून येत. तिथी बघत आणि निघून जात. पितृपक्षात आपल्याकडं कुणी फ्लॅट घेत नाही, सोनं घेत नाही, नवा सदरासुद्धा घेत नाही. नारिंग्यांच्या दुचाक्या आणि धुलाईयंत्रं चौकोनात तशीच उभी राहिली.

त्यांच्या यंत्राचं एक वैशिष्ट्य होतं. लोक बोट ठेवत नाहीत असं दिसलं की ते पानावरचा मजकूर वाचून वाचकांची आवड हुडकून काढत असे. दोन दिवस त्यानं आमची श्राद्धविधीची पानं वाचली. त्यात एक शब्द त्याला फार वेळा आढळला. कावळा.

तिसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी मला हाक मारली. त्यांच्या हातात फोन होता आणि फोनच्या तोंडावर दुसरा हात होता.

"इस्लामपूरहून एक गृहस्थ बोलताहेत. म्हणतात, वडिलांची तिथी बघायला गेलो तर दुर्बीण घ्या म्हणून सांगताय. आपण असं कधी सांगितलं?"

मी पान उघडलं. नवमीच्या श्राद्धाच्या शेजारी एक मोठी दुर्बीण होती. 'पक्ष्यांना जवळून पाहा.' दशमीच्या शेजारी पक्षिनिरीक्षणाची सहल, दोन रात्री, न्याहारीसह. पिंडदानाच्या माहितीखाली पोपटाचे पिंजरे, सवलतीच्या दरात.

"ती यंत्रानं लावली आहे तात्या. यंत्राला वाटतंय आपले वाचक पक्षिप्रेमी आहेत."

तात्यांनी हात काढून फोनमध्ये सांगितलं, "घेऊ नका." मग पलीकडचं ऐकलं. मग म्हणाले, "हो, हो, वेळ लागतो कधीकधी. दही-भात ठेवून बघा." फोन ठेवून ते माझ्याकडं वळले. "तासभर कावळा शिवत नव्हता म्हणे त्यांच्याकडं. गृहस्थ म्हणाले, दुर्बीण असती तर निदान कुठं बसलाय ते तरी दिसलं असतं."

दुपारी परेराचा फोन आला. त्याचा आवाज खोल गेला होता.

"ताई, आमचं यंत्र बिघडलंय का?"

"यंत्र चांगलं आहे. पंधरवडा पितरांचा आहे."

"म्हणजे?"

मी समजावून सांगितलं.

"मला आधी कुणी सांगितलं का नाही?"

"तात्या म्हणाले होते, नीट विचार करा. तुम्ही म्हणालात, नाव छान आहे."

"भसीनला माहीत होतं?"

"ते दिल्लीचे आहेत," मी म्हणाले. त्याला उत्तर मिळालं असावं.

महिना संपायला दोनच दिवस उरले तेव्हा भसीन करार घेऊन आले. निळ्या पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. सरासरीत ते इतके पुढं होते की आलेख काढायचीही गरज नव्हती.

"तात्यासाहेब, इथं एक सही."

"करू की," तात्या म्हणाले. "घटस्थापना झाली की करू."

"पण तिमाही तर परवा संपते!"

"आणि पितृपक्ष त्यानंतर. आम्ही लोकांना छापून सांगतो, या दिवसांत नवीन काही करू नका. आणि आम्हीच करार करायचा?"

भसीनसाहेबांनी पेढ्यांकडं पाहिलं. ज्या पंधरवड्यात त्यांनी परेराला इतक्या अदबीनं नेऊन सोडलं होतं, त्याच पंधरवड्यात त्यांची स्वतःची शेवटची तारीख बसली होती.

तात्या वर जेवायला गेल्यावर ते माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, एखादा मुहूर्त काढा ना. छोटासा. पाच मिनिटांचा चालेल."

"तुम्हाला पितृपक्ष माहीत होता," मी म्हणाले.

"हमारे यहाँ भी श्राद्ध होते हैं."

"मग महिनाअखेर त्यातच येते हे कसं नाही पाहिलंत?"

ते जरा ओशाळले. "वो दूसरे कॅलेंडर में था."

मग त्यांनी आपला लॅपटॉप उघडून माझ्याकडं वळवला. पडद्यावर आमचंच पान होतं, कंपनीच्या चित्रकारांनी नव्यानं नटवलेलं. अक्षरं सुबक होती. सर्वांत खाली ओळ होती : 'पंचांगकर्ती : उत्तरा चौगुले'.

"गणितं तुम्ही करता, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं," ते म्हणाले. "तात्यासाहेबांना कुठलाही प्रश्न विचारला की ते तुम्हाला हाक मारतात. आमच्या कंपनीला करारात गणिताची जबाबदारी घेणारा माणूस लागतो. मी तिथं तुमचं नाव घालीन. अट म्हणून. ते नाही म्हणू शकणार नाहीत. फक्त मुहूर्त तेवढा शोधा. तुम्ही सांगितलंत तर तात्यासाहेब मानतील."

हेही खरं होतं. मी सांगितलं असतं तर तात्यांनी मानलं असतं. त्यांनी गेल्या चार वर्षांत माझं एकही गणित तपासलं नव्हतं.

मी ती ओळ पुन्हा वाचली. चौगुलेतला उकार पहिला होता, म्हणजे बरोबर होता. अशा लोकांकडून तो हमखास चुकतो. त्यांनी कुणाला तरी विचारून घेतलं होतं.

"विचार करून सांगते," मी म्हणाले, आणि हे वाक्य मी कोणाकडून शिकले ते मला लगेच कळलं.

घरी जाऊन मी खरंच शोधलं. मुहूर्त नव्हता. पण तो नाही, हे मला शोधायच्या आधीपासून माहीत होतं. मी एवढा वेळ का शोधत होते, तेही माहीत होतं.

शेवटच्या दिवशी भसीन सकाळीच येऊन बसले. थोड्या वेळानं परेराही आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"तुम्ही कशाला आलात?" भसीननी विचारलं.

"हरायला. फोनवर बरं वाटत नाही," परेरा म्हणाला आणि त्यानं न विचारता एक पेढा घेतला.

भसीननी सिंगापूरला फोन लावून टेबलाच्या मध्यभागी ठेवला. त्यांच्या वरिष्ठ बाई तिथून ऐकत होत्या. तात्यांना फोनमधल्या इंग्रजीचा पत्ता लागेना, म्हणून ते फोनकडं बघून नुसते हात जोडत होते.

"मॅडमनी मुहूर्त काढलाय," भसीन माझ्याकडं न बघता म्हणाले.

"काय गं उत्तरा? आहे आज काही?" तात्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आशा होती. मी हो म्हटलं असतं तर त्यांची सुटका झाली असती. भसीनचीही झाली असती. मला जे हवं होतं ते त्या लॅपटॉपमध्ये तयार होतं.

"नाही," मी म्हणाले. "आज नाही, आणि अमावास्येपर्यंत नाही."

भसीननी डोळे मिटले.

"आणि दुसरंही सांगायचंय. ही कसोटीच खरी नाही. एका दुकानात उन्हाळ्यात ताक ठेवलं आणि दुसऱ्या दुकानात थंडीत ठेवलं, तर दुकानांची तुलना होत नाही. ऋतूंची होते. आपण निळ्यांना गणपतीत बसवलं आणि नारिंग्यांना पितरांत. कोण चांगलं हे यातून काहीच कळलेलं नाही. या आकड्यांवर कोणाशीही सही करणं चूक आहे."

परेराच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"मग करायचं काय?" तात्यांनी विचारलं.

"घटस्थापनेपासून दोघांनाही एकाच वेळी लावायचं. जो वाचक येईल त्याला चिठ्ठी टाकल्यासारखं, कधी यांची जाहिरात, कधी त्यांची. दिवस तोच, तिथी तीच. मग जे येईल ते खरं."

"पण माझी तिमाही!" भसीन म्हणाले.

"आमची पण गेली की," परेरा म्हणाला. एवढ्या मोठ्या नुकसानीत इतका आनंदी झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

भसीननी माझं म्हणणं फोनमध्ये इंग्रजीत सांगितलं. फोनमधल्या बाई बराच वेळ बोलल्या. त्यांचा आवाज थंड होता. भसीन ऐकत राहिले.

"काय म्हणताहेत त्या?" तात्यांनी विचारलं.

भसीननी पेढ्यांचा पुडा सरळ करून ठेवला.

"मी खरं तर ऐकायला नको," परेरा म्हणाला, "पण सांगतो. त्या म्हणताहेत, कागदावर पंचांगाची जबाबदारी श्रीयुत बिनीवाल्यांची आहे. श्रीयुत बिनीवाल्यांची आकड्यांबद्दल तक्रार नाही. मग ही मध्येच बोलणारी बाई कोण? पंचांगाशी तिचा काय संबंध? कुठल्या अधिकारानं बोलते?"

फोनमधून सिंगापूरच्या कुठल्याशा दाराचा आवाज आला.

तात्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. त्यांचे ओठ जुळले तेव्हा मला वाटलं, आता 'ब' येणार. मी त्या अक्षराची तयारीही करून ठेवली होती.

"त्यांना म्हणावं..." ते म्हणाले आणि थांबले.

"अहो," काकू दारातून म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. "पितृपक्ष चाललाय. नवीन काही बोलून बसू नका हं."

"नवीन कुठं आहे?" तात्या काकूंकडं वळले. त्यांचा आवाज चढला होता; मी तो इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "आठ वर्षं चाललेली गोष्ट नवीन कशी होईल? जुनीच आहे. बोलायची राहिली होती, एवढंच."

मग ते खुर्ची पुढं ओढून फोनवर वाकले, आणि पलीकडच्या बाईंना मराठी येत नाही याची जराही फिकीर न करता, लग्नाच्या मांडवात म्हणतात तशा खणखणीत आवाजात म्हणाले,

"पंचांग उत्तरा चौगुले करतात. यंदापासून त्यावर नाव त्यांचंच राहील."